स्विफ्टला 'स्टेज वन' करावे का? बजेट साठ हजार (नागपूर)

मनीषनगरी
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१५ ची, एमएच-३१. बाबांनी घेतलेली. ते आता फारशी चालवत नाहीत म्हणून माझ्या वाट्याला आली. रोज मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, आणि अधूनमधून समृद्धीने संभाजीनगरला ताईकडे.

शहरात काही तक्रार नाही. समृद्धीवर मात्र चार माणसे, एसी चालू आणि डिकी भरलेली असली की नव्वदच्या पुढे जायला नखरे करते. ट्रक ओलांडायला बाहेर निघावे तर मागून एखादी फॉर्च्युनर येऊन डोक्यावर बसते.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने 'स्टेज वन' सुचवले आहे. ओपन कोन एअर फिल्टर (बॉक्सशिवायचा, मोकळा), फ्री फ्लो एक्झॉस्ट (कमी अडथळ्याचा धुराचा पाइप) आणि ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलणे), सगळे मिळून साठ हजार. "पंधरा-वीस बीएचपी कुठे गेले नाहीत," म्हणतो. करावे का? कोणी केले असेल तर खरा अनुभव सांगा. "पैसे म्युच्युअल फंडात टाक" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो पुन्हा नको.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
चिवड्याची पुडी फोडून बसलो आहे.

टॉर्कदादा
आधी आकडे पाहू. तुमच्या गाडीचे १.२ के-सिरीज इंजिन ८४ पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच बीएचपी) देते, सहा हजार आरपीएमला. टॉर्क (ओढण्याचा जोर) ११५ एनएम, चार हजारला. वीस बीएचपी म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा वाढ. टर्बो नसलेल्या इंजिनात फिल्टर, पाइप आणि लॅपटॉप एवढ्यावर ती होत नाही.

कारण सोपे आहे. पॉवर जळणाऱ्या पेट्रोलवर, आणि ते किती जळणार हे आत येणाऱ्या हवेवर ठरते. टर्बो असेल तर ट्यूनर बूस्ट वाढवतो, म्हणजे हवाच जास्त कोंबतो. म्हणून टर्बो गाड्यांत नुसत्या रिमॅपने वीस-पंचवीस टक्के सहज मिळतात. तुमचे इंजिन स्वतःच्या दमावर हवा ओढते. तिथे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) थोडे पुढे घेणे, मिश्रण जरा सुधारणे, रेव्ह लिमिट वर सरकवणे, एवढीच जागा असते. पाच ते आठ टक्के मिळाले तरी ट्यूनरची पाठ थोपटा. म्हणजे पाच-सात पीएस. साठ हजारांत.

गॅरेजवाल्याला एकच विचारा: आधीचा आणि नंतरचा डायनो (पॉवर मोजणारे यंत्र) रिपोर्ट, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर देणार का? त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळेल.

बर्डीचा_राजा
काहून बे साठ हजार उडवून राहिला? एसी बंद कर, फुकटात तीन-चार बीएचपी. चार जणांतला एक जाडा दोस्त घरी ठेव, अजून दोन.

मनीषनगरी
@बर्डीचा_राजा मे महिन्यात नागपुरात एसी बंद? त्यापेक्षा गाडीच विकतो. आणि तो जाडा दोस्त पेट्रोलचे पैसे देतो भाऊ.

डबलक्लच
या धाग्यावर सगळे कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत. गाडी म्हणजे फक्त भागाकार नाही.

माझी स्विफ्ट डिझेल आहे, १.३ मल्टिजेट. कागदावर ७५ पीएस, १९० एनएम. तीन वर्षांपूर्वी रिमॅप केली आणि गाडी बदलली. दोन हजार आरपीएमच्या खाली जी मरगळ असायची ती कमी झाली. तळेगावचा घाट आता तिसऱ्यात चढतो, दुसरा टाकावा लागत नाही. याच इंजिनाचे ९० पीएसचे भावंड पुंतोत आणि एर्टिगात येत होते, म्हणजे लोखंडाला ती ताकद नवी नाही.

पेट्रोलवाल्या मित्रांनीही केले आहे. आकडा छोटा असेल, पण पेडलला प्रतिसाद बदलतो, आवाज बदलतो, चालवायला मजा येते. मजेला पावती नसते.

टॉर्कदादा
@डबलक्लच तुझ्या गाडीला टर्बो आहे, म्हणून तुझा अनुभव खरा. धागाकर्त्याच्या गाडीला नाही, म्हणून तो त्याला लागू नाही. आणि ९० पीएसवाल्यात टर्बोच वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा. भावंड म्हण, जुळे म्हणू नकोस. क्लच कसा आहे सध्या?

डबलक्लच
क्लच बदलला. आनंदाने बदलला.

ओबीडी_वाली
पॉवरचे बरेच बोलणे झाले, हवेचे कोणीच बोलले नाही. आपण नागपुरात राहतो हे विसरलात का?

माझ्याकडे साधे ब्लूटूथ ओबीडी डोंगल आहे (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवते) आणि इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान, बघत बसण्याचे व्यसन. मागच्या मे महिन्यात बाहेर ४४ अंश होते. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभे असताना कंपनीच्या मूळ फिल्टर बॉक्सवर ५५ च्या आसपास दिसायचे. चुलतभावाच्या गाडीत ओपन कोन आहे, बॉनेटखाली मोकळा. तिथे तोच आकडा सत्तरीला टेकत होता, कारण तो कोन रेडिएटरमागची उकळती हवा ओढतो.

आता गणित. गरम हवा विरळ असते. २५ अंशांवरून ४५ वर गेलो की हवेची घनता साधारण सहा टक्के घटते. ६५ ला गेलो की बारा टक्के. म्हणजे रिमॅपने दिलेले पाच-सात टक्के कोन फिल्टर उन्हाळ्यात परत घेऊन जातो. वर इनटेक तापला की नॉकिंग (इंधनाचे अवेळी पेटणे) टाळायला ईसीयू टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ट्यूनरने पुढे घेतलेले टायमिंगही गेले. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदले गेले होते. थंड हवेच्या गावचा अनुभव इथे आणू नका.

कंपनीच्या इनटेकचे तोंड बहुतेक गाड्यांत पुढे ग्रिलकडे, बाहेरची हवा घ्यायलाच ठेवलेले असते. म्हणजे 'कोल्ड एअर इनटेक' तुमच्याकडे आहेच, तोच काढायचे साठ हजार मागताहेत.

डबलक्लच
ताई, सिग्नलला उभ्या गाडीत पॉवर कोणाला हवी असते? समृद्धीवर शंभरने पळताना बॉनेटखाली वारा असतो, आकडा झरझर खाली येतो. तुमचे स्क्रीनशॉट उभ्या गाडीचे आहेत. कोनला हीट शील्डही लावता येते.

ओबीडी_वाली
मुद्दा बरोबर आहे, पळत्या गाडीत दोघांतला फरक चार-पाच अंशांवर येतो. पण तिथेही कोन जिंकत नाही, फक्त कमी हरतो. शील्ड लावून, पाइप ग्रिलपर्यंत नेऊन शेवटी जे तयार होते ते कंपनीच्या बॉक्ससारखेच दिसते.

आणि धूळ. बुटीबोरीचा रस्ता आहे त्यांचा. मोकळी जाळी जेवढी जास्त हवा सोडते तेवढीच बारीक मातीही. ती सिलिंडरच्या भिंतींना पॉलिश करत नाही.

वकीलसाहेब
कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आले. मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द अधोरेखित करा. सीएनजी किट चालते, कारण ते मान्यताप्राप्त असते आणि आरसीवर त्याची नोंद होते. फ्री फ्लोची नोंद कोणी करून देणार नाही.

फ्री फ्लोच्या नावाखाली पुष्कळदा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढतात. मग पीयूसीचा प्रश्न आणि आवाजाचा प्रश्न वेगळा. बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले फोटो पेपरात पाहिले असतीलच.

खरी भीती मात्र विम्याची. न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला सापडला की त्याला क्लेम अडवायला आयते कारण मिळते. थर्ड पार्टीचा दावा उभा राहिला आणि विमा कंपनीने हात वर केले तर आयुष्यभर पॉवर मोजत बसाल.

बर्डीचा_राजा
वकीलसाहेब आले की धाग्याची मजा गेली बाप्पा.

वकीलसाहेब
मजेसाठीही जामीन मिळवून देतो, ये.

जुना_फियाटवाला
पोरांनो, हे सगळे नवे आहे असे समजू नका. आमच्या पद्मिनीला जेमतेम चाळीस घोडे. त्यातही हौशी लोक हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, मोठा कार्ब्युरेटर बसवायचे, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड हाताने वळवून घ्यायचे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे अशा फियाट पळायच्या. आम्ही इथे रामदासपेठेत बसून त्यांचे फोटो बघायचो आणि रविवारी सकाळी अमरावती रोडला वाडीच्या पुढे जाऊन आपापली हौस भागवायचो. रस्ता रिकामा असायचा तेव्हा. आता वाडीतून बाहेर पडेपर्यंतच रविवार संपतो.

एक फरक होता. तेव्हा गाडी इतकी मठ्ठ असायची की काहीही करा, फरक जाणवे. तुमच्या के-सिरीजमध्ये कंपनीच्या इंजिनिअरांनी रस मुळातच पिळून ठेवला आहे. चोथा पिळायचे साठ हजार कशाला?

स्वरा_धरमपेठ
माझी पोलो १.० टीएसआय आहे, ११० पीएस, १७५ एनएम. वॉरंटी संपल्यावर रिमॅप केली, टॉर्कदादांनी सांगितले तेवढी वाढ मिळाली, खुश आहे. ज्यांच्या गाड्या वॉरंटीत आहेत त्यांनी ध्यानात ठेवा, फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत ईसीयूशी छेडछाड सापडली की कंपनीच्या सिस्टिममध्ये टीडी१ नावाची खूण पडते. मग इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा विषय संपतो. मूळ फाइल परत टाकली तरी ईसीयूत किती वेळा लिहिले ते मोजणारा फ्लॅश काउंटर बोलतो.

धागाकर्ते, तुम्हाला खरंच वेग हवा असेल तर सरळ टर्बोवाली वापरलेली गाडी बघा. बलेनो आरएस १०२ पीएस, १५० एनएमची होती, मागेही डिस्क ब्रेक. स्विफ्ट विकून आलेल्या पैशांत तुमचे साठ हजार आणि थोडे वर घाला.

मनीषनगरी
@स्वरा_धरमपेठ बाबांची गाडी विकतो म्हटले तर घरातून मी विकला जाईन. विकणे नाही.

ओबीडी-वाल्या ताईंचे गणित वाचून कोन फिल्टर रद्द. वकीलसाहेबांचे वाचून पाइप रद्द. फक्त रिमॅप केला तर? तो बाहेरून दिसत नाही.

ई२०_पीडित
रिमॅप करून काय होणार, टाकीत काय जातेय ते बघा! सगळा दोष ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा. माझे ॲव्हरेज पार कोसळले. खासदार आपल्याच गावचे, तक्रार तरी कोणाकडे करायची!

टॉर्कदादा
@ई२०_पीडित 'पार कोसळले' म्हणजे किती ते लिहा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळले तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट निघते, आणि आधीही दहा टक्के मिसळलेलेच होते, म्हणजे त्याच्या तुलनेत निम्मीच. त्याहून जास्त पडले असेल तर चाकांत हवा भरा. ऑक्टेन मात्र इथेनॉलने वाढतो, त्यामुळे पॉवरचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्यांची काळजी रास्त आहे.

@मनीषनगरी दिसत नाही हे खरे, पण विम्याचा मुद्दा तसाच राहतो.

हिंगण्याचा_मिस्त्री
मी गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. भाऊ, गाडी दहा वर्षांची हाय. तुझ्या गाडीत आज ८४ तरी हायेत का, ते पाह्यलं कोणी? आमच्याकडे लोक पॉवर वाढवायले येतात आन् गाडी उचलून चाक फिरवलं तर फिरत नाई, ब्रेक चिकटलेला असते. अशी गाडी काय पळन?

पयले हे कर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. स्पार्क प्लग कधी बदलले? थ्रॉटल बॉडी साफ केली का? पेट्रोलचं प्रेशर बरोबर हाय का? क्लच सरकते का ते पाह्य: चौथ्या गिअरात पन्नासला पूर्ण पेडल दाब, आरपीएम वाढला आन् गाडी नाई वाढली त क्लच गेला. मागच्या ड्रमची साफसफाई, कॅलिपरच्या पिना मोकळ्या, अलाइनमेंट. या सगळ्यात जे हरवलं ते परत भेटते, आन् दहा-बारा हजाराच्या वर जात नाई, क्लच निघाला त वेगळं.

आन् एक सांग, तुझ्या व्हीएक्सआयले एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाई ते) हाय का? त्या काळात मधल्या मॉडेलात सर्रास नसे. टायर कोणत्या सालचे हायेत? साइडवॉलवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, ते वाचून सांग.

मनीषनगरी
दादा, खाली जाऊन बघून आलो. एबीएस नाही. एअरबॅगही नाहीत. टायरवर २३१७ आहे. म्हणजे?

ओबीडी_वाली
म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. त्या टायरवर तुम्ही मे महिन्यात समृद्धीवर जाता?!

हिंगण्याचा_मिस्त्री
अरे बाप्पा! एबीएस नाई, एअरबॅग नाई, जुनाट टायर, आन् याले अजून बीएचपी पायजे!

घाटरस्ता
मी समृद्धीने नेहमी जातो, म्हणून थोडे सविस्तर. सिमेंटचा रस्ता, वर ऊन, मध्ये न थांबता दोन-दोन तास तोच वेग. टायरला विश्रांती नाही. रबर जुने झाले की कडक होते, आतून थरांची पकड सुटते, बाहेरून खोबणी शिल्लक दिसते म्हणून लोक फसतात. त्यात हवा कमी असेल तर साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि तिथेच उष्णता तयार होते. लोकांचा समज उलटा: उन्हाळा आहे, हवा कमी ठेवू. असे करू नका. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तेवढी हवा, टायर थंड असताना. नायट्रोजनचे पैसे दिलेत तर दिलेत, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

ओव्हरटेकचे दुखणे गिअरचेही आहे. पाचव्यात शंभरला तुमचा काटा तीन हजारांच्या आसपास. टॉर्क चार हजारला. मग पाचव्यात पेडल दाबून वाट बघण्यात काय अर्थ? चौथा टाका, गाडी वेगळी वाटेल. आणि १२० ची मर्यादा आहे, त्या फॉर्च्युनरला जाऊ द्या.

डबलक्लच
गिअर खाली टाकायचा सल्ला मान्य, शंभर टक्के. टायरचाही. पण एक नोंदवून ठेवतो, पुढे कोणीतरी हा धागा शोधत येईल म्हणून: ज्याच्या गाडीला टर्बो आहे, ब्रेक-टायर नीट आहेत आणि वॉरंटी संपली आहे, त्याने इथले वाचून घाबरू नये. विमा कंपनीला कळवा, चांगल्या ट्यूनरकडे जा, क्लचचे पैसे बाजूला ठेवा, आणि मजा करा.

वकीलसाहेब
'विमा कंपनीला कळवा' हे डबलक्लचने लिहिले! आज तर्री माझ्याकडून.

मनीषनगरी
ठीक. रिमॅपही रद्द. आता टायरचे बोला. माझ्यावर १६५/८० आर१४ आहेत. झेडएक्सआयचे १८५/६५ आर१५ टाकले तर स्पीडोमीटर चुकेल का? एक दुकानदार २०५/५० आर१६ घ्या म्हणतोय, "रोडवर बसते गाडी".

टॉर्कदादा
१६५/८० आर१४ चा व्यास निघतो ६१९.६ मिलिमीटर, १८५/६५ आर१५ चा ६२१.५. फरक ०.३ टक्के. स्पीडोमीटरला कळणारही नाही. माप कंपनीनेच याच मॉडेलला दिलेले, त्यामुळे वकीलसाहेबही झोपतील. २०५/५० आर१६ चा व्यास ६११ च्या आसपास, वजन जास्त, साइडवॉल बारीक. दुकानदार म्हणतो तशी 'रोडवर बसेल', पण तुमची पॉवरची तक्रार आणखी वाढेल. जड चाक फिरवायला इंजिनालाच जोर लावावा लागतो.

ओबीडी_वाली
आणि नागपूरचे स्पीडब्रेकर बघता बारीक साइडवॉलचे सोळा इंची म्हणजे दर पावसाळ्यात एक रिम. स्पीड रेटिंग एच घ्या, २१० पर्यंतचे. तेवढे पळवायचे नाही, उष्णता सोसायला बरे. घेताना तारीख वाचा, दुकानात पडून असलेला माल डिस्काउंटमध्ये गळ्यात मारतात.

हिंगण्याचा_मिस्त्री
टायर संगं पुढचे पॅड, ब्रेक ऑइल पूर्ण बदल. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरते, लांब उतारावर ते उकळलं की पेडल खाली जाते. डॉट फोर टाक. शॉकॲब्सॉर्बर एकदा दाबून पाह्य. पुढं पकड सुटन त वाचवायले एबीएस नाई तुझ्यापाशी, एवढं डोक्यात ठेव. पेडल टप्प्याटप्प्यानं दाबायची सवय कर.

मनीषनगरी
चार टायर, चार पंधरा इंची रिम, पॅड, ऑइल, मिस्त्रीदादांची यादी, सगळे धरून साठच्या आतच बसते आहे. शनिवारी हिंगण्याला येतो दादा. कॉम्प्रेशनचे आकडे इथे टाकीन.

जुन्या चौदा इंची रिम आहेत, त्या विकू का?

बर्डीचा_राजा
एक स्टेपनीले ठेव, व्यास सारखाच हाय असं टॉर्कदादा म्हणून राहिले ना वर. पंक्चर काढेपर्यंत हळू चालव. बाकी मले दे. माझी डिझायर त्याच मापाची हाय आन् दोन रिम वाकल्यात. पैसे नाई, सावजी खाऊ घालतो.

हिंगण्याचा_मिस्त्री
शनिवारी दोघंही सकाळी नऊच्या आत या. दुपारी लिफ्ट मोकळी नसते.